मुलींचा संघ परगावी जातो तेव्हा



मला येथे बोलावणाऱ्यांचा थोडासा गैरसमज झाला असावा. खेळांविषयीच्या एका पुस्तकाचा मी मराठी अनुवाद केला, एवढ्यावरून मला खेळातले काही कळते असे त्यांनी गृहीत धरलेले दिसते. वस्तुतः मी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही. अनुवाद करताना ‘ऑफसाईड’ या शब्दापाशी मी दोन दिवस अडून बसले होते. शेवटी आमच्या गल्लीतल्या एका सातवीतल्या मुलाने अंगणात चार विटा मांडून मला तो नियम समजावून दिला आणि शब्द आहे तसाच राहू द्या, असा सल्लाही दिला. तो मी मानला.

परंतु त्याच पुस्तकात दुसरा एक शब्द होता, आणि त्याने मला अधिक दिवस छळले. स्वतःच्या मैदानावर न खेळता प्रतिपक्षाच्या गावी जाऊन खेळलेल्या सामन्यासाठी इंग्रजीत एक लहानसा, निर्विकार शब्द आहे. मराठीत मी प्रथम ‘परक्या मैदानावरील सामना’ असे लिहिले. मुलांच्या संघाविषयीच्या प्रकरणात ते खपून गेले. मुलींच्या संघाविषयीचे प्रकरण आले तेव्हा मात्र ‘परका’ हा शब्द डोळ्यांना खुपू लागला. मुलगी म्हणजे परक्याचे धन, असे म्हणणारी आपली भाषा आहे. ज्या मुलीला जन्मापासून परक्या घरी जायचे आहे, तिला चार दिवस परक्या मैदानावर पाठवायला मात्र घर तयार नसते. मी तो शब्द खोडून ‘परगावचा सामना’ असे केले. आज मी ज्याविषयी बोलणार आहे ते या खोडलेल्या शब्दाभोवतीच आहे.

वर्तमानपत्रात मुलींच्या संघाची बातमी येते ती गोलांच्या संख्येची. अमुक शाळेने तमुक शाळेला तीन विरुद्ध एक असे हरवले. या बातमीत खोटे काहीच नसते. परंतु त्या संघाचा अवघड सामना मैदानावर पाऊल ठेवण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. तो संमतिपत्रावरील सहीचा, जन्मदाखल्याचा, बुटांचा, सोबत जाणाऱ्या बाईचा आणि रात्रीच्या मुक्कामाचा सामना असतो. तो कोणी पाहत नाही आणि त्याला पंचही नसतो.

थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, पण तो मी लांबवणार नाही. शालेय फुटबॉलमधील आपल्या देशातील सर्वांत नामांकित स्पर्धा म्हणजे सुब्रतो चषक. हवाई दलाच्या पुढाकाराने ती १९६० साली सुरू झाली. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांचे नाव तिला आहे. त्याच वर्षी टोकियोत त्यांचे आकस्मिक निधन झाले. त्यांच्या पत्नी शारदाबाई या माहेरच्या पंडित, म्हणजे आपल्या मराठी घराण्यातील. पुढे आंध्र प्रदेश आणि गुजरात या दोन राज्यांच्या राज्यपाल म्हणून त्यांनी काम पाहिले. एक स्त्री राज्यपाल होऊ शकत होती, तरी या स्पर्धेत शाळकरी मुलींसाठी विभाग नव्हता. तो उघडला २०१२ साली. म्हणजे मध्ये बावन्न वर्षे गेली. या बावन्न वर्षांत मुली फुटबॉल खेळत नव्हत्या काय? खेळत होत्या. महिलांच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संघटना १९७५ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी उत्तर प्रदेशात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. १९८० साली कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या महिला उपविजेत्या ठरल्या होत्या. खेळ होता, खेळणाऱ्या होत्या. शाळेच्या वेळापत्रकात त्यांना जागा नव्हती, एवढेच.

आपलाच देश मागासलेला, अशी समजूत करून घेण्याचेही कारण नाही. इंग्लंडमध्ये १९२० च्या नाताळात लिव्हरपूल येथे झालेला महिलांचा एक सामना पाहण्यासाठी त्रेपन्न हजार प्रेक्षक जमले होते. त्यानंतर वर्षभराच्या आत तेथील फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या सदस्य क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी उठायला १९७१ साल उजाडावे लागले. गर्दी जमत नाही म्हणून बंदी आली, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आता मी एका गावाकडे वळते. हरियाणात भिवानी जिल्ह्यात अलखपुरा नावाचे एक खेडे आहे. ज्या राज्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे ८७९ स्त्रिया होत्या आणि सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत हे प्रमाण ८३४ इतके खाली आले होते, त्या राज्यातील हे गाव. तेथील शासकीय शाळेत मुलगे कबड्डी खेळत आणि मुली कडेला उभ्या राहून पाहत. या शतकाच्या पहिल्या दशकात कधीतरी त्या मुलींनी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांकडे हट्ट धरला की आम्हालाही काहीतरी खेळायला द्या. शिक्षकांनी हाताशी असलेला एक फुटबॉल त्यांच्याकडे टाकला. त्यामागे योजना नव्हती, धोरण नव्हते. मुलींचा तगादा थांबावा एवढाच हेतू असावा. तगादा काही थांबला नाही.

पुढे या शाळेच्या मुलींनी दिल्लीला जाऊन २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे सुब्रतो चषक जिंकला. गावच्या संघाने २०१६–१७ च्या पहिल्या भारतीय महिला लीगमध्ये भाग घेतला. देशातील मोठमोठ्या शहरांना तेव्हा मुलींचा संघ उभारता आला नव्हता, आणि नकाशात शोधावे लागणारे हे खेडे त्या यादीत होते. येथील संजू यादव भारतीय संघाकडून खेळली.

या यशाची कथा आपण अनेकदा ऐकतो आणि ती ऐकायला गोडही वाटते. मला मात्र तिच्यातील एका गोष्टीचे अधिक कुतूहल आहे. अलखपुऱ्याहून दिल्ली सुमारे दीडशे किलोमीटर. बसने अर्धा दिवस. पण जी मुलगी सख्ख्या मामाच्या गावीसुद्धा भावाला सोबत घेतल्यावाचून जात नाही, तिच्यासाठी हे अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही. पहिला संघ जेव्हा तालुक्याबाहेर निघाला असेल, तेव्हा किती उंबरठ्यांवर शिक्षकांना उभे राहावे लागले असेल, याची कल्पना तुम्हा शिक्षकांना माझ्यापेक्षा अधिक येईल. नंतर खेळाच्या आधारे काही मुलींना शासकीय नोकऱ्या मिळाल्या आणि मग उंबरठे आपोआप ओलांडले जाऊ लागले. नोकरीच्या आशेने दिलेली परवानगी ही काही स्त्रीस्वातंत्र्याविषयीची श्रद्धा नव्हे, असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, असू दे. बापाने सही कोणत्या कारणाने केली हे बसमध्ये बसलेल्या मुलीने का विचारावे?

दुसरे उदाहरण झारखंडचे. रांचीजवळ ओरमांझी नावाचा भाग आहे. तेथील शाळकरी मुलींचा एक संघ २०१३ साली स्पेनला गेला. ‘युवा’ या स्वयंसेवी संस्थेने २००९ पासून तेथे मुलींना फुटबॉल शिकवायला आरंभ केला होता. शेतमजुरांच्या, लहान शेतकऱ्यांच्या या मुली. सान सेबास्तियान येथील दोनोस्ती चषक आणि व्हितोरिया येथील गास्तेइस चषक अशा दोन स्पर्धांत त्या खेळल्या आणि दुसरीत त्यांनी तिसरा क्रमांक मिळवला. या संस्थेला २०१९ साली लॉरेयस हा मोठा आंतरराष्ट्रीय क्रीडापुरस्कारही लाभला.

तिसरा क्रमांक ही बातमी झाली. पण परदेशी जायचे तर पारपत्र हवे, आणि पारपत्रासाठी तेव्हा जन्मदाखला लागत असे. जन्माची नोंद करणे आपल्याकडे १९६९ च्या कायद्याने आवश्यक केले आहे, तरी कित्येक मुलींच्या जन्माची नोंदच झालेली नसते. दाखल्यासाठी त्यांना कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आणि तेथे अपमान सोसावा लागला, असे त्या मुलींनीच नंतर सांगितले आहे. स्पेनमधील कोणत्याही प्रतिस्पर्ध्याने त्यांना इतके दमवले नसेल.

येथे मला आपल्याकडची एक गंमत आठवते. जुन्या शिक्षकांच्या हाताखालून शाळेत गेलेल्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे आपल्याला घरोघरी भेटतात. दाखला नसे, आईला पूर आला तो श्रावण किंवा दुष्काळाचे साल एवढेच आठवे, आणि गुरुजी शाळेच्या आरंभाच्या सोयीने तारीख घालून देत. त्या तारखेने कोणाचे काही अडले नाही. आता वयोगटाच्या स्पर्धेत मात्र तारीख हीच मुलीची पहिली परीक्षा असते. सतरा वर्षांखालील गटात खेळणारी मुलगी खरोखर सतरा वर्षांखालील आहे काय, हे पाहिलेच पाहिजे. मोठ्या वयाच्या खेळाडू उतरवून संघ जिंकू लागले तर लहानांवर अन्याय होतो. परंतु ज्या मुलीची नोंदच कोणी केली नाही, तिने आपले वय कशाने सिद्ध करावे? शाळेच्या नोंदवहीतील एक बेफिकीर अक्षर एखादीला संघाबाहेर ठेवू शकते. नोंदवह्या लिहिणारे तुमच्यापैकीच कोणी असतील, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मी स्वतः एकदा अशा प्रवासाला गेले होते. आता त्याविषयी सांगते. खरे तर मी आज आले ती हे सांगण्यासाठीच.

२०१४ सालची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावातील एका शाळेचा मुलींचा संघ विभागीय स्पर्धेसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जायचा होता. संघाबरोबर सर होते. पण स्त्री सोबत असल्यावाचून मुलींना नेता येत नाही, आणि ज्या बाई जायच्या त्यांच्या घरी ऐनवेळी आजारपण निघाले. माझी भाची त्या संघात होती. घरात बसून भाषांतर करणारी बाई म्हणजे रिकामीच, असा सर्वांचा समज असतो. सरांनी मला विचारले आणि मी हो म्हटले. भाची मला मावशी म्हणे, तेव्हा एस.टी. गावाबाहेर पडण्यापूर्वीच मी सोळा जणींची मावशी झाले.

तेथे आमची उतरण्याची व्यवस्था एका शाळेच्या वर्गात होती. बाके भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या होत्या. वर्गाच्या दाराला आतून कडी नव्हती. बाहेरून होती, आतून नव्हती! वर्ग कोंडायचा असतो, आतल्यांनी लावून घ्यायचा नसतो, हेच खरे असावे. संडास मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, आणि तेथे दिवा नाही. पहिल्या रात्री मी आणि सरांनी मिळून दाराला आतून दोन बाके लावली. म्हणजे मी आतून लावली आणि सर बाहेर व्हरांड्यात झोपले. रात्री ज्या मुलीला बाहेर जायचे असेल तिने मला उठवावे, असे ठरले. मला पाच वेळा उठावे लागले. तिसऱ्या फेरीला माझ्या ध्यानात आले की दोघी जणी संध्याकाळपासून पाणीच प्यायलेल्या नाहीत, बाहेर जावे लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी अकरा वाजताच्या उन्हात त्यांना खेळायचे होते. मुली दुसऱ्या अर्धात ढेपाळतात, त्यांच्यात दमच नसतो, असे मैदानाच्या कडेला उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले तेव्हा मला ते पाण्याचे सांगावेसे वाटले. मी बोलले नाही, ही माझी चूक झाली.

एका मुलीची पाळी प्रवासातच सुरू झाली होती. तिने ते सरांना सांगितले नसतेच. मलाही सांगितले ते भाचीच्या मार्फत. पांढरी अर्धी विजार हा संघाचा गणवेश होता. गणवेशाचा रंग ठरवणाऱ्या समितीत बहुधा एकही बाई नसावी. परत आल्यावर सरांनी तो रंग बदलून गडद निळा केला. हा एक बदल मात्र आमच्या त्या दौऱ्याच्या खात्यावर जमा आहे.

आमची गोलरक्षक ही त्या संघातील सर्वांत अबोल मुलगी. हात लांब, नजर शांत. तिच्या वडिलांनी दोन अटींवर संमतिपत्रावर सही केली होती: रोज रात्री फोन करायचा, आणि अर्ध्या विजारीतले छायाचित्र कोठेही छापून येता कामा नये. सरांनी दोन्ही अटी मला निघतानाच सांगितल्या होत्या. वडील कठोर नव्हते. निरोप द्यायला बसस्थानकावर आले होते आणि वाटेत खायला त्यांनी सोळा जणींना पुरतील इतके पेरू आणले होते. भावकीत राहायचे आहे, एवढेच ते सरांना म्हणाले.

पहिला सामना आम्ही दोन विरुद्ध शून्य असा हरलो. दुसरा बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. पेनल्टी म्हणजे काय ते मला पुस्तकामुळे ठाऊक होते. पण कागदावर जे एका वाक्यात संपते ते प्रत्यक्षात पाहणे फार कठीण असते. आमच्या मुलीने दोन फटके अडवले. दुसरा तर तिने पूर्ण आडवे होऊन, जमिनीला समांतर झेप घेऊन बाहेर घालवला. सामना आम्ही जिंकलो. बाकीच्या पंधरा जणी तिच्या अंगावर जाऊन पडल्या, आणि त्या ढिगाखालून ती जी हसत बाहेर आली, ते हसू मी त्यापूर्वी तिच्या चेहऱ्यावर पाहिले नव्हते.

स्थानिक वर्तमानपत्राचा एक तरुण छायाचित्रकार तेथे होता. त्याने तिचे ते झेप घेतलेले छायाचित्र आधीच टिपले होते. उद्या छापतो, मावशी, नाव सांगा, असे तो मला म्हणाला. मी त्याला थांबायला सांगून त्या मुलीकडे गेले. तिला वडिलांची अट ठाऊक होती. ती थोडा वेळ बुटांची नाडी सोडत बसली आणि मग म्हणाली, “छापू दे.” मी तिला पुन्हा विचारले नाही. सरांना विचारले नाही. तिच्या घरी फोन केला नाही. छायाचित्रकाराला मी नाव सांगितले.

दुसऱ्या दिवशी ते छापून आले. सुंदर होते. तिसरा सामना आम्ही हरलो आणि परतलो. बसस्थानकावर तिचे वडील न्यायला आले होते. माझ्याशी ते नेहमीसारखेच बोलले, मुलीची पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली. छायाचित्राचा विषय कोणीच काढला नाही. पुढच्या वर्षी सरावाच्या यादीत तिचे नाव होते, पण संमतिपत्र परत आले नाही. दहावीनंतर तिला आत्याकडे दुसऱ्या गावी शिकायला ठेवले, असे भाचीकडून कळले. त्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मुलींचा संघ नव्हता.

त्या छायाचित्रामुळेच तसे झाले, असे मी म्हणू शकत नाही. कदाचित तसेही आत्याकडे पाठवायचेच असेल. ज्या मुलीने इतक्या शांतपणे “छापू दे” म्हटले तिला आपले मन नीट ठाऊक होते, असे मी स्वतःला सांगते. परंतु ती पंधरा वर्षांची होती आणि मी चाळिशीच्या उंबऱ्यावरची बाई होते. तिची इच्छा आणि तिच्या बापाला दिलेला शब्द, या दोहोंमध्ये निवड करण्याचा प्रसंग माझ्यावर आला आणि मी ती अर्ध्या मिनिटात उरकली. आनंदाच्या भरात उरकली.

झारखंडमध्ये २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे ३२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांपूर्वी झालेली आढळली. त्याच राज्यातील गुमला जिल्ह्यातली मुलगी २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक स्पर्धेत भारताची कर्णधार होती. ती स्पर्धा आपल्याच देशात, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाली. आपल्या मुली भुवनेश्वर येथे अमेरिकेकडून आठ, मोरोक्कोकडून तीन आणि ब्राझीलकडून पाच गोलांनी हरल्या. एकही गोल त्यांना करता आला नाही. नवी मुंबईतील अंतिम सामना स्पेनने जिंकला. त्या दिवसांत अनेकांनी या पराभवाची थट्टा केली. मला तेव्हा ती कडी नसलेली खोली आठवत होती. देशाच्या संघापर्यंत पोचणाऱ्या प्रत्येक मुलीमागे अशा किती खोल्या, किती न आलेली संमतिपत्रे असतील, आणि त्यांच्यातील किती जणींचे हात आमच्या त्या मुलीसारखे लांब असतील, याचा हिशेब गोलफलकावर मांडता येत नाही.

मी त्यानंतरही दोनदा संघाबरोबर गेले. आता निघण्यापूर्वी सर यजमान शाळेला पत्र लिहून दाराची कडी आणि संडासातील दिवा यांविषयी विचारतात. उत्तर न आल्यास आम्ही एक कुलूप, दोन कड्या, स्क्रू-पेचकस आणि विजेऱ्या बरोबर नेतो. मुलींना पाणी माझ्यासमोर प्यावे लागते. आणि छायाचित्राविषयी मी निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येकीच्या घरी जाऊन विचारते. गेल्या वेळी सोळांपैकी अकरा घरांनी होकार दिला. मुलींना स्वतंत्रपणे विचारले, तर सोळाही जणी हो म्हणाल्या. तेव्हा आम्ही संघाचे छायाचित्र दोनदा काढले: अकरा जणींचे वर्तमानपत्रासाठी, आणि सोळा जणींचे शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारी लावण्यासाठी.